अमोनियाचे आठ डबे

मी बनवते ती वस्तू तिळापेक्षा थोडी मोठी असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती चौकोनी दिसते. मध्यभागी खिडकीसारखा एक अतिशय पातळ पडदा आणि त्या पडद्यावर प्लॅटिनमची नागमोडी रेघ. रेघेतून वीज सोडली की पडदा तीनशे अंशांपर्यंत तापतो. चिपची कड मात्र बोटाला कोमटसुद्धा लागत नाही. तापलेल्या पडद्यावर कथिलाच्या ऑक्साइडचा थर असतो. आसपासच्या हवेत अमोनिया आला की त्या थरातून वीज अधिक सहज वाहू लागते. ती किती वाढली हे मोजायचे आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की भोंगा वाजवायचा. याला सेन्सर म्हणतात. बावीस वर्षे मी हेच काम करते आहे.

त्याआधी दोन वर्षे मी बडोद्यातल्या एका दैनिकात शहराच्या पानावर होते. पदार्थविज्ञानाची पदवी हातात होती आणि पुढचा प्रवेश हुकला होता. पहिल्याच आठवड्यात तिथल्या ज्येष्ठ उपसंपादकाने माझ्या बातमीतली तीन वाक्ये खोडून कागद परत दिला. तिन्ही वाक्ये 'वाटते' या शब्दावर संपत होती. ही शिस्त पुढे प्रयोगशाळेत उपयोगी पडली. प्रयोगाच्या वहीत काय दिसले ते लिहायचे. काय वाटले ते लिहायला रकाना नसतो.

आमची प्रयोगशाळा शहराच्या मध्यवर्ती भागात एका शिक्षणसंस्थेच्या आवारात आहे. तिच्यातल्या क्लीन रूममध्ये जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवावा लागतो. फक्त डोळे उघडे राहतात. आत तीन माणसे असली तरी कोण कुठले हे चालीवरून ओळखावे लागते. बोलणे कमी असते, कारण पंपाचा आवाज असतो आणि बोलताना तोंडातून कण उडतात. पावडर, क्रीम, केसांचे तेल, अत्तर, गजरा, यांपैकी काहीही लावून आत येता येत नाही. हे नियम मी पहिल्या वर्षीच घरीही लागू केले, कारण कपड्यांना चिकटलेले सोबत येते. वासणा भागातल्या माझ्या घरात उदबत्ती लागत नाही. आई गेली तेव्हा तिच्या फोटोसमोरही लावली नाही. बहिणीने ते पाहिले. ती परत गेली त्याला आता बरीच वर्षे झाली.

दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी येतात. सोन्याची केसाहून बारीक तार चिपला जोडायला शिकतात, हात स्थिर होतो, आणि मग बंगळूरला किंवा परदेशात जातात. सुरुवातीला त्यांच्याकडून दिवाळीचे संदेश येतात. मी जेवणाचा डबा सोबत नेते आणि एक वाजता मोजमापाच्या खोलीत खाते, कारण तिथे खुर्ची आहे. ही तक्रार नाही. या कामात बहुतेकांचे दिवस असेच जातात.

बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा माझी चिप प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या कारखान्यात लागली. बडोद्याजवळ नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत रंगांसाठी लागणारी रसायने बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना होता. त्यांच्या अमोनिया विभागात सहा महिन्यांच्या चाचणीसाठी आठ सेन्सर बसवायचे ठरले. प्रत्येक सेन्सर एका काळ्या प्लास्टिकच्या डब्यात, समोर बारीक जाळी, खाली एक दिवा. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गळती. सहा महिने नीट चालले तर असे शंभर डबे बनवून वसाहतीतल्या इतर कारखान्यांत लावण्याचा प्रस्ताव होता. नाही चालले तर प्रकल्प बंद.

आषाढात डबे बसवायला गेले. शिडीवर चढून मीच स्क्रू आवळत होते. प्रत्येक स्क्रूला किती फेरे द्यायचे हे ठरलेले असते, ते मी मनात मोजत होते. पण बहुधा आवाज बाहेर येत होता.

"सोळा, सतरा," मी म्हटले असावे.

"अरे! मॅडम मराठी?" शिडी धरून उभा असलेला ऑपरेटर म्हणाला. "आणि मी सकाळपासून गुजरातीत तुमची मस्करी करतोय!"

"काय मस्करी केलीत?"

"जाऊ द्या ने." मराठी वाक्याला त्याने गुजराती 'ने' जोडला.

"सांगा तर खरं."

"हेच, की माझं नाक सत्तावीस वर्षं फुकटात वास घेतंय, त्याला बॅटरी लागत नाही, शिडी लागत नाही. मग हे डब्बे कशाला?"

ते विभागातले सर्वांत जुने ऑपरेटर होते, ठेकेदाराच्या हजेरीवरचे. राहायला शहराबाहेरच्या छाणीला. खापरपणजोबा बडोदा संस्थानच्या घोडदळात होते आणि घरात अजून एक तलवार आहे, हे त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात सांगितले. त्यांचे काम म्हणजे दर दोन तासांनी विभागात फेरी मारायची. हातात लाल लिटमसची ओली पट्टी. ती पंपाजवळ, वॉल्व्हजवळ, जोडांजवळ धरायची. निळी झाली तर गळती. प्रत्येक फेरीची नोंद ते वहीत करत. अक्षर सुबक होते, गुजरातीत.

मी त्यांना दादा म्हणू लागले. ते काही दिवस मॅडम म्हणाले, मग ताई.

पहिल्या महिन्यात डब्यांनी पुष्कळ छळले. पावसाळी दमट हवेत ते उगाच लाल होत. रोज दुपारी एक वाजता, फेरी संपवून जेवायला बसण्याआधी, दादांचा फोन येई.

"ताई, सहा नंबरला सर्दी झाली."

"लाल आहे?"

"लालबुंद. पट्टी धरली, पट्टी लालच राहिली. तुमचा डब्बा पावसाला घाबरतो."

"वेळ लिहून ठेवा. हवेतली आर्द्रताही लिहा."

"लिहिलंय. वेळ, आर्द्रता, माझ्या डोक्याला झालेला ताप, सगळं लिहिलंय."

त्या नोंदींवरून मी आर्द्रतेची दुरुस्ती बसवली. श्रावण संपेपर्यंत खोटे इशारे थांबले. भाद्रपदात एकदा तीन नंबरचा डबा खऱ्या गळतीवर लाल झाला. दादांनी पट्टी धरली, ती निळी झाली. जोडाची पॅकिंग बदलावी लागली. त्या दिवशी फोनवर ते म्हणाले, "ताई, आज तुमचा डब्बा माझ्या नाकाच्या आधी बोलला. मानलं." मी ते वाक्य प्रयोगाच्या वहीत लिहिले नाही. पण फोन ठेवल्यावर जेवणाचा डबा बंद करून काही वेळ बसून राहिले. एकचा फोन हा तोवर माझ्या दिवसातला बहुधा एकमेव फोन झाला होता. फोन आला नाही तर जेवण पुढे ढकलले जाई, हे माझ्या नंतर लक्षात आले.

कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरने एका बैठकीत विचारले की डबे इतके नीट चालत असतील तर लिटमसची फेरी दोन तासांऐवजी पाळीत एकदा केली तर चालेल का. तो तरुण, सभ्य, गुजराती माणूस होता. मी म्हटले की आकडे तसे सांगतात. त्याने कागद पुढे केला, मी सही केली. फेऱ्या कमी झाल्या.

मग नवरात्र आले. अष्टमीच्या दुपारी फोनवर दादा म्हणाले, "ताई, उद्या या. खंडेनवमी. आमच्या घरी सकाळी तलवारीची पूजा असते, ती उरकून मी इथं यंत्रांची करतो. दर वर्षी करतो. यंदा तुमचे आठ पण आहेत."

मी गेले. रजा घेऊन गेले. कारखान्यात एका टेबलावर लाल कापड घालून त्यावर नट आवळायचे पाने, पक्कड, दाबमापके मांडली होती. पंपांना हार होते. आणि भिंतीवर माझे आठ डबे. मागच्या खेपेला त्यांच्यावर रसायनाच्या पुडीचा पिवळट थर होता. आता ते नव्या गाडीच्या डॅशबोर्डसारखे चमकत होते. जाळीसुद्धा. प्रत्येकाला झेंडूची एकेक माळ होती.

विभागात लिंबाचा वास येत होता. अमोनियाच्या विभागात लिंबाचा वास येण्याचे कारण नाही.

या क्षणाबद्दल मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारले आहे, म्हणून नेमके लिहिते. वास आला. तो कशाचा, हा प्रश्न मनात आला. प्रयोगशाळेत कोणी असा वास घेऊन आत आले असते तर मी त्याला दारातूनच परत पाठवले असते. मी तोंड उघडण्याआधी दादांनी कुंकवाची वाटी माझ्यासमोर धरली.

"ताई, तुमच्या डब्ब्यांना तुम्हीच लावा."

बावीस वर्षांत माझ्या कामाला कोणी हार घातला नव्हता. मी कुंकू लावले. आठही डब्यांना, जाळीच्या खाली, शिडी सरकवत. मागे उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. प्रसादाचा पेढा खाल्ला आणि घरी आले. प्रश्न विचारला नाही.

दसरा झाला, मग दिवाळी. असा कारखाना सणाला थांबत नाही, पण कार्यालये थांबतात, आणि माझी महिन्याची तपासणी लाभपंचमीला, म्हणजे गुजरातेत दिवाळीनंतर कामे पुन्हा सुरू होतात त्या दिवशी, ठरली. मधल्या काळात दादांचे फोन येत राहिले. सगळे हिरवे. रोज हिरवे. एकदा त्यांनी त्यांच्या बायकोने केलेल्या घुघऱ्यांबद्दल, म्हणजे गुजराती करंज्यांबद्दल, सांगितले आणि म्हणाले, "तुमच्यासाठी ठेवलेत, लाभपंचमीला आणतो."

त्यांनी खरोखर आणले होते. स्टीलच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी तपासणीची बाटली काढत असताना ते बोलत होते.

"ताई, एक विचारू? बेसत्या वर्षाच्या, पाडव्याच्या पाळीत मला पंपाजवळ वास आला. चांगला डोळ्यांत गेला. वर बघितलं तर डब्बा हिरवा."

"मग?"

"मग म्हटलं, आपलंच नाक बिघडलं. फटाक्यांचा धूर गेला असेल. दहा मिनिटं तिथंच उभा राहिलो, खरं काय ते बघायला. मग खोकला आवरेना, तेव्हा वॉल्व्ह आवळला आणि बाहेर आलो."

"वहीत लिहिलंत?"

"काय लिहिणार? डब्बा हिरवा होता ने."

मी एक नंबरच्या जाळीवर टोपण बसवले आणि बाटलीतला ठरावीक प्रमाणातला अमोनिया सोडला. तीस आकडे मोजले. दिवा हिरवा राहिला. पुन्हा सोडला. हिरवा. दोन नंबर, तीन नंबर. आठही डब्यांचे दिवे हिरवे राहिले. आठव्याला तर मी बाटली रिकामी होईपर्यंत वायू सोडला. वास माझ्या स्वतःच्या डोळ्यांत गेला.

"दादा, खंडेनवमीला डबे कशानं पुसले होते?"

ते आत जाऊन फवाऱ्याचा डबा घेऊन आले. मोटारीच्या डॅशबोर्डला चमक आणणारे पॉलिश, लिंबाच्या वासाचे. मागे बारीक अक्षरांत घटक लिहिले होते. त्यात सिलिकॉनचे तेल होते. या तेलाची वाफ तापलेल्या थरावर जळते आणि काचेसारखा पापुद्रा धरते. वायू थरापर्यंत पोचत नाही. तापक चालू राहतो, वीज वाहत राहते, दिवा हिरवा राहतो. सेन्सर बहिरा होतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला हे पहिल्या वर्षी शिकवतात. आमच्या क्षेत्राबाहेर हे कोणाला माहीत असण्याचे कारण नाही.

"जाळीवर पण मारलं होतं का?"

"जाळीवर तर जास्त. तिथंच जास्त घाण होती." ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "ह्यानं झालं?"

"तपासावं लागेल," मी म्हटले. तपासण्यासारखे काही उरले नव्हते.

सेफ्टी ऑफिसरला तिथूनच फोन केला. डबे निकामी आहेत, लिटमसची फेरी आत्तापासून पुन्हा दर दोन तासांनी सुरू करा, एवढे सांगितले. आठही डबे उतरवले. नवमीपासून लाभपंचमीपर्यंत सव्वीस दिवस होतात. सव्वीस दिवस माणसे हिरवा दिवा बघून आत जात होती आणि फेऱ्या माझ्या सहीने कमी झाल्या होत्या. कोणाला काही झाले नाही, याचे श्रेय कोणाच्याही हुशारीला नाही.

अहवाल आठवड्याभरात द्यायचा होता. काय झाले हे तर सरळ होते. ते कोणामुळे झाले, हा प्रश्न होता. दादा ठेकेदाराच्या हजेरीवर होते. त्यांना काढायला एक फोन पुरला असता. मी दोन दिवस विचार केला. ज्याला विचारावे असे माणूस नव्हते, असे मी तेव्हा धरून चालले होते. बावीस वर्षांत मी प्रत्येक अडचण एकटीनेच सोडवत आले होते. तार तुटली तर, पडदा फुटला तर, पंप बंद पडला तर. हीही तशीच सोडवली.

लिहिले ते असे: "स्वच्छतेसाठी वापरण्यात आलेल्या पदार्थामुळे सेन्सरची संवेदनक्षमता नष्ट झाली. अशा पदार्थांबाबत वापरणाऱ्यांना सूचना देण्यात आली नव्हती. याची जबाबदारी प्रकल्पप्रमुखाची आहे." प्रकल्पप्रमुख मीच होते, आणि यातले प्रत्येक वाक्य खरे होते. पदार्थ कोणी वापरला, केव्हा, कशासाठी, आणि मी तिथे होते की नव्हते, यातले काहीही त्यात नव्हते. दैनिकात असताना अशी बातमी उपसंपादकाने परत पाठवली असती.

आढावा बैठक कारखान्यातच झाली. कारखान्याचे व्यवस्थापक, सेफ्टी ऑफिसर, प्रकल्पाला निधी देणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी आणि मी. माझे बोलून झाल्यावर सेफ्टी ऑफिसरने फायलीतून एक कागद काढला. वहीतून फाडलेले पान होते. अक्षर मी लगेच ओळखले. दादांनी ते लाभपंचमीच्या संध्याकाळी, पाळी संपवून जाताना, स्वतःहून लिहून दिले होते. मी अहवालाचा पहिला शब्द लिहिण्याआधी.

त्यात दादांच्या शब्दांत सगळे होते. पॉलिश मी मारले. मला माहीत नव्हते. बेसत्या वर्षाच्या दिवशी वास आला होता, ते मी वहीत लिहिले नाही, ही माझी चूक. पूजेला बेन आल्या होत्या, त्यांनी आठही डब्यांना कुंकू लावले. गुजरातीत ताईला बेन म्हणतात, ती मी.

"बेन, तुम्ही हजर होतात?" त्याने विचारले.

"हो."

"अहवालात नाही."

"नाही."

"ऑपरेटरचाही उल्लेख नाही. का?"

याचे उत्तर माझ्याकडे होते, पण ते त्या खोलीत मांडता येण्यासारखे नव्हते. मी म्हटले, सांगायला हवे होते. निधी देणाऱ्यांपैकी एक बाई शांतपणे म्हणाल्या की पॉलिशचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, जाळीमागे गाळणी बसवता येईल. "पण ज्या अहवालातून माणसं वगळली आहेत, त्याच्या आकड्यांचं आम्ही काय करायचं?" चाचणी बंद करण्याचा निर्णय तिथेच झाला. मला तो चुकीचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी एक वाजता फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही. माझ्याकडे त्यांचा नंबर होता. मी केला नाही. डबेच नव्हते, विचारायचे काय, हे सुचले नाही. मोजमापाच्या खोलीत बसून जेवत राहिले. महिना गेला. उरलेले कागद आणायला कारखान्यात गेले तेव्हा गेटवरच्या माणसाने सांगितले की दादा आता अमोनिया विभागात नाहीत, त्यांना स्टोअरमध्ये बसवले आहे.

रविवारी छाणीला गेले. घर बैठे होते, दारात स्कूटर. त्यांच्या बायकोने दार उघडले. मी कोण ते सांगितल्यावर तिने आत हाक मारली आणि पाणी आणले. "बरंच झालं ओ ताई," ती म्हणाली, "आता ह्यांना रविवारची सुट्टी मिळते. अंगाला तो वास पण येत नाही." दादा समोर बसले होते. ती चहा टाकायला आत गेली.

"माझी चूक होती," मी म्हटले.

"चूक कोणाची ते सोडा. कागदावर माझं नाव का नाही घातलंत?"

"तुमची नोकरी गेली असती."

"नोकरी आहे ने. हे काय, रोज बसतो, गॅसकेट मोजतो." ते थांबले. "ताई, दोन कागद जुळले नाहीत. माझा एक सांगतो, तुमचा दुसरा. सेफ्टीचे साहेब म्हणाले, बेन तुझं नाव का लपवतात? तुमचे रोज फोन चालायचे. मग तू वहीत तीन महिने जे लिहिलं, हिरवा, हिरवा, लाल, पट्टी निळी, ते तरी खरं का? का बेनला पाहिजे तसं लिहिलं?"

"असं म्हणाले?"

"सभ्यपणे म्हणाले. सत्तावीस वर्षांची वही आहे माझी. एक ओळ खोटी नाही. एक राहून गेली, ती मी स्वतः लिहून दिली." त्यांचा आवाज चढला नाही. "आता तिथं दुसरा लिहितो."

मी म्हटले की मला त्यांना वाचवायचे होते.

"ते समजलं मला. पण विचारायचं ने एकदा. एक फोन." मग म्हणाले, "तसं रोज मीच करायचो म्हणा. तुमचा कधी आला नाही."

चहा आला. त्यांच्या बायकोने घुघऱ्यांचा डबा परत मागितला. तो माझ्या घरीच होता, मी आणायला विसरले होते. मी माफी मागितली. ती म्हणाली, असू द्या, घाई नाही. चहा पिऊन झाल्यावर मी विचारले, "आता लिहू? पुरवणी देता येते. सगळं घालून, तुमच्या नावासकट."

दादांनी कप खाली ठेवला. "घाला," म्हणाले.

पुरवणी तीन पानांची झाली. पाठवण्याआधी मी त्यांना फोन केला, माझ्याकडून पहिल्यांदाच, आणि सगळी वाचून दाखवली. त्यांनी दोनदा थांबवले. पॉलिश नवमीच्या सकाळी नाही, आदल्या संध्याकाळी मारले होते. ते मी दुरुस्त केले. दुसऱ्यांदा म्हणाले, "वास आल्यावर मी दहा मिनिटं उभा राहिलो, ते तुम्ही घातलं नाही."

"ते तुमच्या विरुद्ध जाईल."

"जाऊ द्या. उभा राहिलो ते राहिलो."

मी तो मजकूर घातला आणि पुन्हा वाचला. मला लिंबाचा वास आला होता, हेही त्यात होते. वाचून संपले तेव्हा पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"बराबर आहे," ते म्हणाले. "मोकलून द्या, पाठवा."

मी वाट पाहिली, ते आणखी काही म्हणतील म्हणून. मीही काही म्हणू शकले असते. ते म्हणाले, "चला ताई, आवजो," आणि फोन ठेवला.

पुरवणी सोमवारी दिली. आठ दिवसांनी पोच आली. तिच्यावर सही आहे, शिक्का आहे, शेरा नाही. दादा अजून स्टोअरमध्येच आहेत. पुरवणी मूळ अहवालाला जोडली गेली की वेगळ्या फायलीत गेली, हे मला कळवण्यात आलेले नाही.